सासरचा वाफा

थोरलीने चिमट्याने एक बी उचललं, काचेवर ठेवलं आणि टाचणीच्या टोकाने दाबलं. ते चपटलं. पोचट. दुसरं दाबलं, तेही तसंच. वर केसांचा झुबका, रंग पक्का, आकार नेमका आणि आत नुसती हवा. बडा घर पोकळ वासा.

टेबलापलीकडे धाकटी मातीचे हात पाठीमागे घेऊन उभी होती. "हे माहेरचं," ती म्हणाली. "सासरचं दुसऱ्या वाटीत आहे."

दोघी बहिणी एकाच वनस्पती-उद्यानात कामाला होत्या. थोरली बी तपासायची, धाकटी वाफे सांभाळायची. माळावरची सोनटिकली आता त्यांच्या दोन वाफ्यांपुरतीच उरली होती. एक माळ धावपट्टीखाली गेला, दुसरा गोदामांखाली. जाता जाता दोन्हीकडून एकेकच झाड हाती लागलं, त्यांचे फुटवे काढून काढून वाफे भरलेले. यंदा पहिला बहर आला होता. तसं बघायला गेलं तर नखाएवढं पिवळं फूल, पण ते एक फूल नव्हेच. एका देठावर शंभरेक बारक्या फुलांनी बिऱ्हाडं थाटलेली. आणि नखरे केवढे! स्वतःचा पराग चालत नाही, स्वतःच्या फुटव्याचाही नाही. "सगोत्र म्हटलं की बाईसाहेब नाक मुरडतात," असं धाकटी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. म्हणून एका माळाचा वाफा माहेर, दुसऱ्याचा सासर. आणि इकडचं फूल तिकडच्या फुलावर घासायचं, त्याला दोघी लग्न लावणं म्हणायच्या.

थोरलीने दुसरी वाटी ओढली. एक दाबलं, मग चिमूटभर घेऊन सरळ नखाने चिरडलं. सगळा भुसा.

"लग्नं नीट लावलीस ना गं?"

"रोज सकाळी. एकेक फूल धरून."

"मग असं कसं होईल? एवढ्या लग्नांत एकीची तरी कूस उजवायला हवी होती."

धाकटी वाट्या आवरायला लागली. एरवी तिची जीभ टाळ्याला लागत नाही.  थोरली उठली आणि सरळ वाफ्यांकडे निघाली.

ऑपरेशननंतर तिला खाली बसवत नसे, त्यामुळे वाफे ती पायवाटेवरूनच बघायची. आज कठडा धरून, दात आवळून ती बसली. सासरच्या वाफ्यातलं एक पान तिने उलटं केलं. त्या माळाच्या झाडाला पानामागे पांढरी लव असायची, बोटाला मऊ लागायची. हे पान गुळगुळीत होतं, माहेरच्यासारखं. शेजारच्या झाडाचंही गुळगुळीत. त्याच्या शेजारच्याचंही.

"सासरचे कुठे गेले?" तिने विचारलं.

धाकटी तिच्याजवळ मातीतच फतकल मारून बसली. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा मुळं कुजायला लागली, ताई. बघता बघता अख्खा वाफा बसला. आणि तू शुद्धीवर आल्यावर फोनवर पहिलं काय विचारलंस? सासरचे कसे आहेत. अंगभर नळ्या लावलेल्या तुला, काय सांगणार होते मी? म्हटलं, मजेत आहेत. मग माहेरचे फुटवे काढले नि इथे लावून टाकले."

"आणि ही लग्नं?"

"वाटलं, एखादं जाईल खपून. झाडाला काय कळतंय."

"झाडालाच कळतं गं. कळलं नाही ते मला." थोरली बोटांनी माती उकरायला लागली. "एखादं मूळ तरी ठेवलंस? एखादी काडी?"

"जाळलं सगळं. रोग लागलेलं झाड मुळासकट जाळायचं, असं तूच शिकवलंस."

थोरलीला ओरडायचं होतं. या बयेला गदगदा हलवून विचारायचं होतं, की अगं, मी मेले असते तरी चाललं असतं, तू हे काय केलंस. पण धाकटी ओठ चावत समोर बसली होती, नाक पुसताना गालाला माती लागली होती. दोन वाफे काठोकाठ फुलांनी भरलेले होते आणि ते सगळं मिळून एकच झाड होतं. आता त्याचे फुटवे काढत राहायचे, ते बारीक होत जाणार, आणि एखाद्या साली फुटवाच येणार नाही. एवढंच उरलं होतं.

पायवाटेवरून जाणारं एक जोडपं थांबलं. "अगंबाई, केवढा बहर!" असं म्हणत बायकोने नवऱ्याला फोटो काढायला लावला. "याचं बी मिळेल का हो कुठे?"

"नाही मिळत," धाकटी म्हणाली.

ती माणसं पुढे गेली. ऊन चढायला लागलं होतं. धाकटीने झारी उचलली, परत खाली ठेवली. थोरलीकडे बघायची तिला हिंमत होईना.

"ताई, पाणी घालू ना?"

थोरली कठड्याला धरून उठायचा प्रयत्न करत होती. धाकटीने पुढे केलेला हात तिने शेवटी धरला.

"घाल बाई," ती म्हणाली. "मेली कुठेय ती अजून."