फाटकावरचं नाक

सोसायटीच्या फाटकावरच्या यंत्राने धाकलीबाई कोळणीची पाटी हुंगली. "स्टेंच," ते म्हणालं. फाटक उघडलं नाही.

"म्हणजे काय रं?"

"घाण वास, मावशी," वॉचमन ओशाळून म्हणाला. "सेक्रेटरींचा नवा नियम आहे. 'अरोमा' म्हटलं तरच फाटक उघडतं."

"आणि आता ते विलायती चीज आत गेलं? आठवडाभराच्या पायमोज्यासारखं वास मारत होतं मेलं!"

"त्याला अरोमा म्हणालं."

वीस वर्षं याच घरांनी तिचे बोंबील चाटूनपुसून खाल्ले होते. वाळत घालताना करतात तसे तिने दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले आणि ती जोडी यंत्राच्या हुंगायच्या नळीवर टांगली.

तेवढ्यात अत्तर लावलेले सेक्रेटरी निमकर बाहेरून आले.

"स्टेंच," यंत्र म्हणालं.

धाकलीबाई फाटकापाशी सरकून बसली. "या साहेब, बसा शेजारी."