दोनदा मेलेली राणी

शर्मिष्ठेने फिल्म धुण्याचे रसायन, डेव्हलपर, फिल्मच्या डब्यात ओतले आणि नेमके घड्याळ बंद पडले.

“आई, तुमचं मरणाऱ्या राणीचं सहा मिनिटांचं स्वगत आहे ना? दोनदा म्हणा!”

एरवी एकदा पुरले असते. पण सासूबाईंच्या पहिल्या नाटकात उजेड कमी, म्हणून तिने चारशे स्पीडची फिल्म अंधुक उजेडात चालणाऱ्या सोळाशेच्या फिल्मसारखी वापरली होती. आता ती डेव्हलपरमध्ये दुप्पट वेळ ठेवायला हवी होती, आणि प्रयोगाचे फोटो एवढेच होते.

दुसऱ्या फेरीत सासूबाईंची राणी मरता मरेना. हुंदके लांबतच गेले.

“आई, मरा आता पटकन! फिल्म वाया जाईल!”

“पहिल्यांदाच मरायला मिळालंय, घाई करू नकोस.”

धुतलेली फिल्म शर्मिष्ठेने धास्तावून उजेडात धरली. वेळ जास्त झाल्याने पांढरे ते सगळे निगेटिव्हवर काळेकुट्ट उतरले होते.

“अगं, माझे केस!” सासूबाई हरखल्या. “काळेभोर! फोटो नको, ही निगेटिव्हच फ्रेम करू.”