टेकडीवरची कासवं

“आणखी कुणाची हरकत?” सुनावणीच्या अध्यक्षांनी विचारलं, आणि मावशीच्या मांडीवरचा अहवाल एकाएकी जड झाला.

समोर, बांधकाम कंपनीच्या वकिलाशेजारी, तिची भाची बसली होती. टेकडीवर घरं बांधली तर काय बिघडेल, याची पाहणी करून अहवाल लिहिणारी तीच. काहीच बिघडणार नाही, असं अहवाल म्हणत होता. उतार कोरडा आहे. झरा कुठेही नाही.

झरा होता. मावशी आणि तिची थोरली बहीण लहानपणी तिथूनच पाणी आणत. उतरताना एकमेकींच्या अंगावर उडवत, आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मी भांडी रिकामी होत. पुढे बहीण गेली, तान्ही पोर मागे ठेवून. माय मरो पण मावशी उरो, असं बायका म्हणाल्या, आणि मावशी उरली. त्या पोरीनंही त्याच झऱ्यात कागदी होड्या सोडल्या होत्या. आता तिनंच लिहिलं होतं, झरा नाही. अहवाल आल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या.

झऱ्याखालची माती खणली, तर मोठ्या पावसात अख्खा उतार खालच्या गल्लीवर येईल, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पूर्वी एकदा थोडासाच आला होता. त्यात सुताराचं घर गेलं. घरात सुताराची आई होती.

सकाळपासून सगळे हेच सांगत होते. वकील प्रत्येकापुढे मान लववून म्हणे, “आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. पुरावा असल्यास द्यावा.” पुरावा कुठून आणणार? टेकडीला कंपनीनं कुंपण घातलं होतं. माणूस सोडा, कुत्रंही आत शिरू शकत नव्हतं.

“नोंदी घेऊन घेऊन हात दुखले असतील बिचाऱ्याचे,” शेजारी बसलेला सुतार पुटपुटला. मग हळूच म्हणाला, “मावशी, ते बाड तुम्ही वाचलंत ना सगळं? काहीच नाही सापडलं?”

सापडलं होतं. मावशीची उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. पाठ्यपुस्तक असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, चूक दिसली की तिला घास गिळवत नसे. अहवालाच्या पोटात, जिथे कुणी फिरकत नाही अशा एका परिशिष्टात, एक वाक्य होतं. समुद्र इथून आगगाडीनं रात्रभराच्या वाटेवर, आणि वाक्य म्हणत होतं: ‘प्रस्तावित घरांमुळे किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणाऱ्या कासवांना कोणताही त्रास होणार नाही.’

भलत्याच गावचा अहवाल उचलून इथे चिकटवला होता. हे मोठ्यानं वाचलं की अहवाल मेला. पण पोरीची अब्रूही गेली. जिला हाताला धरून मुळाक्षरं गिरवायला शिकवली, ती भरसभेत उचलेगिरी करणारी ठरणार. पुन्हा तिला काम कोण देणार?

भाची तिच्याकडेच बघत होती. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी काही फुटलं, सांडलं, की ती अशीच बघायची. कुणाला सांगू नकोस ना. मावशीनं कधी सांगितलं नव्हतं.

“कुणी नाही?” अध्यक्षांनी कागद गोळा केले. वकिलानं पेनाला टोपण लावलं.

सुतार आपल्या तळहातांकडे बघत बसला होता. मावशीनं एकदा त्या हातांकडे पाहिलं आणि ती उठली.

“माझी आहे. झऱ्याबद्दल नाही, साहेब. कासवांबद्दल.”

तिनं वाक्य वाचलं. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं सभागृह सुटलं.

“टेकडी चढून चढून दमतील की बिचारी,” दूधवाला म्हणाला. अध्यक्षांनीही तोंडाला रुमाल लावला.

“छपाईची चूक आहे,” वकील म्हणाला.

“छपाईच्या चुका मी ओळखते,” मावशी म्हणाली. “ही छपाईची नाही.”

अध्यक्षांचं हसू थांबलं. त्यांनी ते पान मागून घेतलं, दोनदा वाचलं, आणि तिथल्या तिथे सांगितलं: अहवाल रद्द. नवी पाहणी दुसऱ्या कुणीतरी करायची, कुंपण उघडून, गल्लीतली माणसं बरोबर घेऊन.

लोकांनी मावशीला गराडा घातला. ती कशीबशी सुटून बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. थोड्या वेळानं भाची येऊन शेजारी टेकली.

“बोल,” मावशी खाली बघून म्हणाली. “जे बोलायचंय ते बोलून टाक. ऐकून घेते.”

“झऱ्यावर मी सगळं लिहिलं होतं. कंपनीच्या साहेबांनी काढून टाकलं. भांडले असते, तर मला घालवून दुसऱ्या कुणाची सही घेतली असती.” भाचीनं आवाज खाली आणला. “म्हणून जाता जाता कासवं आणून सोडली. एवढं बाड शेवटपर्यंत वाचणारं माणूस मला एकच माहीत होतं.”

मावशीनं झटकन मान वर केली.

“अगं, मला आधी सांगायचं नाही?”

“तुला? खोटं बोलताना तुझे कान लाल होतात.”

“आणि तुझी नोकरी?”

“जाईल. जाऊ दे.” भाचीनं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. “पण तू उठेचनास गं. मला वाटलं, आता मेलं हिचं प्रेमच आडवं येतंय.”