विस्मरणाची परीक्षा

पलीकडच्या खोलीतून दिनकरभाऊजींचा आवाज आला, "मालन, गोळी घेतलीस का गं?"

भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली होती. विसर पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी असलेल्या विमा योजनेतून मालनला सेवायंत्र मिळालं होतं. ते जुन्या फोनमधून उचललेल्या भाऊजींच्या आवाजात बोलायचं, तिची वेणीसुद्धा घालायचं. द्वारकाबाईंचं पोथीवरचं लक्ष उडालं. धाकट्या जावेला नवरा परत मिळाला, आणि एकही नेम न चुकवणाऱ्या आपल्याला काय, तर धडधाकट डोकं! देवाचा हा कसला न्याय?

म्हणून त्यांनी विमावाल्या बाईंना बोलावून घेतलं. विस्मरण ठरलं, की त्यांचंही गेलेलं माणूस असंच बोलणार होतं.

"आजी, आज वार कोणता?"

"आठवत नाही बाई." सोमवारचा उपास पोटात कुरकुरत होता.

"मुलं किती?"

"असतील दोन-तीन."

बाईंनी कळवळून नोंद केली. "आता शेवटचं. यजमानांचं नाव?"

नुसती मान हलवायची होती. पण या नावाबद्दल कुणी विचारावं आणि आपण गप्प बसावं, असं लग्नापासून कधी घडलं नव्हतं. द्वारकाबाईंनी नकळत पदर सावरला.

"समईची वात तेवते देव्हाऱ्यात वर, भास्कररावांचं नाव घेते देवांच्याही अगोदर."

बाई हसल्या. "आजी, तुम्हाला नाही हो मिळायची योजना."

"नको मिळू दे," डोळे टिपत द्वारकाबाई म्हणाल्या. "पण तिच्या त्या यंत्राला जरा हळू बोलायला सांगा."