मी करतो तसं करा

"घाबरायचं नाही! मी करतो तसं करायचं!" धैर्य शिकवायला आलेल्या सरांनी कंपनीच्या वीस जणांना बजावलं आणि डोंगराच्या अरुंद कातळधारेवरून ते ऐटीत पुढे निघाले. अर्ध्या वाटेत त्यांची नजर खाली गेली. दोन्ही बाजूंना नुसती दरी! त्यांनी बसकण मारली, खडकाला मिठी घातली, डोळे गच्च मिटले आणि टाहो फोडला, "आई गं!"

मागून वीस जण एका सुरात ओरडले, "आई गं!"

सरांनी हळूच एक डोळा उघडून मागे पाहिलं. झाडून सगळे खडकाला मिठी घालून बसले होते.

संध्याकाळी त्या वीस जणांतल्याच मोठ्या साहेबांनी अभिप्राय लिहून दिला :

"खडकमिठीनं मन अगदी मोकळं झालं. दर महिन्याला घ्या. सर पुढे हवेतच!"