हिरव्या रंगाची पेशी

मी प्रयोगशाळेतल्या उंदराच्या स्वादुपिंडाचा फोटो लॅपटॉपवर उघडला, तशी आई भांडी अर्धवट टाकून, हात पुसत शेजारी येऊन बसली.

"इन्सुलिन बनवणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशी आम्ही मारल्या," मी म्हटलं, "तर शेजारच्या काही पेशींनी स्वतःचं काम सोडून इन्सुलिन बनवायला घेतलं."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"तेच तर आम्ही शोधतोय."

"आणि हा हिरवा रंग कसला?"

"तो शेजारच्या पेशींना आम्ही आधीच लावून ठेवला होता. पेशी मूळची कुठली ते ओळखू यावं म्हणून. काम बदललं तरी तो जात नाही."

आईने चष्मा सारखा केला. "मग तिला इन्सुलिनची खरी पेशी म्हणायचं का गं?"

"साखर आटोक्यात आली, उंदीर जगला. आणखी खरं काय असतं, आई?"

ती उठली. कचऱ्याची बादली उचलून खाली गेली.

थोड्या वेळाने बेल वाजली. दार सताड उघडं होतं आणि रिकामी बादली घेऊन आई उंबऱ्याबाहेर उभी होती.

मला जन्म देणारी गेली, तेव्हा मी रांगत होते. समोरच्या घरातली ही काकू मला दूध पाजायला म्हणून आली आणि इथलीच झाली. या घराची किल्ली कित्येक वर्षं तिच्याच पर्समध्ये असते. तरी आत पाऊल टाकण्याआधी ती अजून बेल वाजवते.