पायाचा ठेका

"बाबांचा पाय अजून ऐकू येत नाही," अलेक्झिना वरच्या खोलीतून म्हणाली.

मर्डॉकने रेकॉर्डवरची सुई उचलली आणि वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या छताला चौकोनी भोक होतं, त्यावर लोखंडी जाळी. चुलीची ऊब वर जावी म्हणून त्याच्या आजोबांनी घर बांधतानाच ते ठेवलं होतं. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर जुन्या घरांतून अशी जाळी असतेच. आता तिच्यातून ऊब जायची, चहाचा वास जायचा आणि गाणं जायचं. जाळीच्या कडेलाच त्याच्या बायकोची, अलेक्झिनाची, खाट होती. कुशीवर वळली की तिला खालचं टेबल, फिरणारी रेकॉर्ड आणि मर्डॉकचं टक्कल दिसायचं.

डॉक्टरांनी हात टेकले होते. बर्फ वितळेपर्यंत तिने दिवस काढले तर खूप, असं ते मर्डॉकला बाहेर नेऊन सांगून गेले. अलेक्झिनाने त्याचा चेहरा पाहून ओळखलं.

रेकॉर्ड तिच्या वडिलांची होती. म्हातारा व्हायोलिन वाजवायचा आणि बुटाच्या टाचेने फळ्यांवर ठेका धरायचा. साथीला पियानोवर कोवळ्या वयातली अलेक्झिना. गावातले जाणते म्हणायचे, व्हायोलिन काय, कोणीही वाजवेल. तो पाय दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

मर्डॉकची आता एकच इच्छा उरली होती. तिने जाण्याआधी ती रेकॉर्ड एकदा तरी मनासारखी ऐकावी.

नवं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. मग घरात होतं नव्हतं ते कामाला लागलं. "विहिरीतून आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली, तेव्हा त्याने स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले. "आता भांडी आपटल्यासारखं," म्हणाली, तेव्हा उघड्या फरशीवर गोधड्या अंथरल्या, खिडकीला घोंगडी टांगली. मग स्पीकरखाली विटा आल्या. सुई त्याने रंगाच्या मऊ कुंचल्याने झाडली. दर वेळी ती कुशीवर वळून त्याची खटपट बघत राही आणि शेवटी नवी खोट काढी.

खालून विचारलं तर तिचं उत्तर येत नसे. डोळा लागला असेल, असं म्हणून तो जिना चढायचा. समोर उभा राहिला की मग ती बोलायची, त्याच्या ओठांवर नजर लावून. लग्नाआधी नाचाच्या रात्री ती अशीच बघायची, हे त्याला आठवायचं. उशाशी फोन वाजत राहायचा आणि ती उचलायची नाही. माणसांचा कंटाळा आला असेल बिचारीला.

त्या दिवशी दुपारी तिचा धाकटा भाऊ हेक्टर आला. दारातच थबकला.

"दाजी, हे घर आहे की वीटभट्टी?"

"बूट काढ. गोधडीवर पाय देऊ नकोस."

"ताईने कामाला जुंपलेलं दिसतंय. लहानपणी आईचं सूप कधी तिच्या पसंतीला उतरलं नाही."

"नवरा उतरला की."

"उतरला? मग अजून दुरुस्तीला का टाकलाय तिने?"

मर्डॉक हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हेक्टर, दिवस थोडे राहिलेत. तिला तुझ्या बाबांचा पाय ऐकू येत नाही. माझ्या कानाला तर ठीक वाटतं. पण ती म्हणते, नाही."

हेक्टरची थट्टा तिथेच थांबली. त्याने कोट काढला, गुडघे टेकले आणि टेबलामागे शिरला. होडीवरची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. थोड्या वेळाने तो मागूनच ओरडला.

"दाजी, या तारा कोणी जोडल्या?"

"मी. का?"

"उजवीकडची तांबडी काळीच्या जागी बसवलीय. एक स्पीकर ढकलतोय, तेव्हा दुसरा ओढतोय. जाडा आवाज मधल्यामध्ये मरतोय. पाय ऐकू येणार कुठून?"

मर्डॉक टेबलाशी वाकला. "म्हणजे ती म्हणत होती ते खरं होतं?"

"अगदी खरं. तुम्ही खाली बसून चुकलात आणि तिने वर पडल्या पडल्या धरलं. बाबांची मुलगी आहे ती! जा, तिच्याजवळ बसा. मी बघतो इथलं."

मर्डॉक दोन दोन पायऱ्या चढला. "लेक्सी! अगं, सापडलं!" तो जिन्यातूनच ओरडला. अलेक्झिना जाळीतून खाली बघत होती. त्याने खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळली.

"हेक्टरने चूक शोधली," तो धापा टाकत म्हणाला. "तुझंच बरोबर होतं. आता ऐक."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग मान हलवली. तो खाटेच्या कडेला बसला. तिचा हात वाळक्या पानासारखा हलका झाला होता. तो त्याने दोन्ही हातांत घेतला.

खाली रेकॉर्ड फिरू लागली. हेक्टर तिच्यावर वाकलेला दिसत होता. अलेक्झिनाने थोडा वेळ त्या काळ्या चकतीकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मर्डॉक तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवेना. पांघरुणाखाली तिची टाच हलली. पुन्हा हलली. मग एका लयीत हलत राहिली.

"आला," ती म्हणाली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबांचा पाय आला, मर्डॉक. आता कशाला हात लावू नकोस. आता खाली जाऊ नकोस. इथे बस माझ्याजवळ."

मर्डॉकने जाळीकडे कान दिला.

"दाजी!" खालून हेक्टरने हाक मारली. "घाई करू नका हं. मी नुसती धूळ पुसतोय. तारा अजून सुट्याच आहेत. जोडू का आता?"

मर्डॉक जाळीवर वाकला.

"राहू दे, हेक्टर," तो म्हणाला. "छान वाजतंय."